विश्लेषण : मोठ्या शिकारीसाठी बाणाचे पाते कसे असावे? शल्यविशारद सॅक्स्टन पोप यांचे प्रयोग काय सांगतात?

धनुष्यबाणाने हरीण, एल्क किंवा अस्वलाची शिकार करणे अमेरिकेत परवाना घेऊन कायदेशीर आहे. तिथल्या शिकाऱ्यांमधला जुना वाद म्हणजे बाणाला पाते कोणते लावावे? पाते चुकले तर जनावर मरत नाही. जखम घेऊन जंगलात पळते आणि तडफडत राहते. या प्रश्नाकडे शास्त्रीय नजरेने पाहणाऱ्या पहिल्या काही जणांत सॅन फ्रान्सिस्कोचे एक डॉक्टर होते. त्यांच्याविषयी…

सॅक्स्टन पोप कोण होते?

पोप यांचा जन्म 1875 मध्ये टेक्सासमध्ये झाला. वडील लष्करात शल्यविशारद होते. मुलानेही तोच पेशा निवडला. 1912 मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सा शिकवू लागले. शेजारच्याच संग्रहालयात इशी राहत होते. गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलींत संपलेल्या याही समाजातले ते अखेरचे. 1911 मध्ये ते ओरोव्हिल गावाजवळ एकटे, उपाशी अवस्थेत सापडले होते. पोप त्यांचे डॉक्टर झाले, मग मित्र आणि धनुर्विद्येतले शिष्यही.

इशींकडून काय शिकायला मिळाले?

इशी ऑब्सिडियन या ज्वालामुखीतून तयार होणाऱ्या काचेसारख्या दगडाची पाती घडवत. हरणाच्या शिंगाचे टोक दगडाच्या कडेवर दाबून ते एकेक कपची उडवत. शहरात आल्यावर बाटलीची काच त्यांना अधिक आवडू लागली, कारण ती घडवायला सोपी होती. 1916 मध्ये क्षयाने इशींचा मृत्यू झाला. चितेवर त्यांच्यासोबत त्यांचे धनुष्य आणि बाणही ठेवण्यात आले. पोप यांचा अभ्यास मात्र पुढे चालू राहिला.

दगड की पोलाद?

पोप यांनी एका खोक्यात जनावराचे काळीज भरले, त्यावर गाईचे कातडे ताणले आणि दोन्ही प्रकारचे बाण सोडले. ऑब्सिडियनचे पाते पोलादी पात्यापेक्षा सुमारे 25 टक्के अधिक खोल गेले. मागास समजल्या गेलेल्या हत्याराने कारखान्यातल्या धातूवर मात केली होती. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी संग्रहालयातल्या लोखंडी कड्यांच्या चिलखतावर अरुंद, टोकदार पोलादी अग्राचा बाण सोडला. तो आरपार गेला. चिलखताला टोक लागते, मांसाला धार लागते, हा फरक त्यातून स्पष्ट झाला.

बाण मारतो कसा?

इथे पोप यांच्यातला शल्यविशारद कामी आला. बंदुकीची गोळी वेगाने आदळते आणि आजूबाजूच्या ऊतींचीही मोठी मोडतोड करते. बाणाकडे तेवढा जोर नसतो. तो रक्तस्रावाने मारतो. रक्तवाहिन्या लवचिक असतात. बोथट पाते त्यांना बाजूला सारत पुढे जाते. फाटलेली वाहिनी आकसते आणि रक्त लवकर गोठते. वस्तऱ्यासारखी धार मात्र वाहिनी स्वच्छ कापते. असा बाण फुप्फुसांतून गेला तर जनावर थोड्या वेळात कोसळते.

तरीही पोप यांनी शिकारीसाठी पोलादच निवडले, कारण दगडी पाते हाडावर आपटून फुटते. सुमारे तीन इंच लांब आणि सव्वा इंच रुंद अशी पाती ते स्वतः कापून, कानशीने घासून तयार करत. रुंदी वाढवली तर जखम मोठी होते, पण बाण अडतो. अरुंद केली तर तो खोल जातो, पण रक्त कमी वाहते. त्या दोन टोकांमधली ही तडजोड होती.

कसोटी कुठे लागली?

1920 मध्ये पोप आणि त्यांचे मित्र आर्थर यंग संग्रहालयासाठी नमुने मिळवायला यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गेले. तिथे परवानगी घेऊन त्यांनी बाणाने ग्रिझली अस्वले मारली. मात्र चालून आलेल्या एका अस्वलाला थोपवायला वाटाड्याला बंदूक चालवावी लागली. पुढे आफ्रिकेत सिंहांच्या शिकारीतही बंदूक सोबत होतीच. रक्तस्रावाला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात जखमी जनावर माणसाला मारू शकते, ही बाणाची मर्यादा चांगले पातेही पुसू शकले नाही.

आज निवड कशी होते?

पोप यांचे पुस्तक 1923 मध्ये आले. 1926 मध्ये न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. 1956 मध्ये फ्रेड बेअर यांनी बदलता येणारे धारदार ब्लेड असलेले पाते बाजारात आणले. आता तीन-चार धारांची आणि आदळल्यावर उघडणारी पातीही मिळतात. उघडणारे पाते रुंद जखम करते, पण उघडण्यात बाणाचा काही जोर खर्च होतो. म्हणून कमी ताकदीचे धनुष्य असेल किंवा जाड हाडांचे जनावर असेल, तर मजबूत दोनधारी पाते सुरक्षित मानले जाते. धार प्रत्येक वेळी तपासावी लागते, ती वेगळीच.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे, मग हत्यार बंदूक असो वा बाण.