यादवांचा सेनापती खोलेश्वर

अंबाजोगाईस श्री योगेश्वरीच्या दर्शनाला आपल्या भागातून हजारो भाविक जातात. त्याच गावी खोलेश्वराचे जुने मंदिर आहे. नाव ऐकून पुष्कळांना ते महादेवाचेच एखादे नाव वाटते. वास्तविक ते एका माणसाचे नाव आहे. अंबाजोगाईच्या महाविद्यालयालाही तेच नाव दिलेले आहे. आठशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला हा पुरुष कोण होता, हे जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी आपल्या गावकऱ्यांना माहीत असावे.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या गादीवर यादव राजा सिंघण राज्य करीत होता. यादव घराण्याचा सर्वांत पराक्रमी राजा म्हणून त्याची ख्याती आहे. खोलेश्वर हा त्याचा सेनापती. ब्राह्मण कुळात जन्मूनही त्याने हाती तलवार धरली. खानदेशातील भंभागिरी, म्हणजे आजचे भामेर, येथील राजा लक्ष्मीदेव याचा त्याने पराभव केला. माळवा व गुजरातवरील स्वाऱ्यांतही तो आघाडीवर होता. त्या काळी आंबे या नावाने ओळखले जाणारे अंबाजोगाई हे त्याचे ठाणे होते. शके 1150, म्हणजे इ.स. 1228 च्या सुमारास तेथील सकलेश्वराचे मंदिर उभे राहिले. लोक त्यालाच बाराखांबी म्हणतात.

लढाया सर्वच सेनापती करतात. खोलेश्वराचे वेगळेपण असे की, जिंकलेल्या मुलखात त्याने वस्ती केली. विदर्भात पयोष्णी म्हणजे पूर्णा नदीच्या काठी त्याने अग्रहार वसविले. अग्रहार म्हणजे विद्वान ब्राह्मणांना वृत्ती देऊन बसविलेले गाव. गावच्या उत्पन्नाचे भाग पाडून ते कुटुंबांना वाटून देत आणि त्यावर सरकारचा सारा माफ असे. परंतु गाव काही केवळ पोथ्यांवर चालत नाही. शेत कसणारा कुणबी हवा, फाळ घडविणारा लोहार हवा, सुतार, कुंभार, तेली सगळे हवेत. अशी एक वसाहत पाण्याच्या सोयीने उभी राहिली म्हणजे तेथे देऊळ होई, पाठशाळा होई, बाजार भरू लागे. अमरावती जिल्ह्यात पूर्णेकाठी खोलापूर नावाचे गाव आहे, ते या खोलेश्वराच्याच नावावरून. सैन्याचे तळ उठले, राज्ये गेली, गाव मात्र नांदते राहिले.

खोलेश्वराचा मुलगा राम हाही सेनापती झाला. सिंघणाने त्याला फौजेसह गुजरातवर पाठविले. नर्मदेच्या काठी घनघोर लढाई झाली व तीत राम धारातीर्थी पडला. घरावर केवढा आघात झाला असेल! तेव्हा रामाची बहीण लक्ष्मी पुढे आली. भावाच्या स्मरणार्थ तिने आंबे येथे मंदिर बांधविले, आणि शके 1162 म्हणजे इ.स. 1240 मध्ये शिलालेख कोरवून त्यात बापाचे व भावाचे पराक्रम नोंदवून ठेवले. खोलेश्वराची आज जी माहिती मिळते ती मुख्यतः अंबाजोगाईच्या अशा शिलालेखांवरून. बापाचे नाव मुलीने राखले म्हणावयाचे.

सेनापतीच्या मुलासाठी देऊळ झाले, साध्या शिपायासाठी वीरगळ. आपल्याकडे मारुतीच्या पाराजवळ किंवा वेशीपाशी शेंदूर फासलेले उभे दगड दिसतात. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला नेत आहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, अशी चित्रे ज्यांवर असतात ते वीरगळ. गावासाठी, गुरांसाठी कोणी एक जण जीव देऊन गेला, त्याची ती खूण. दानाच्या दगडावर वर चंद्र-सूर्य असतात. ते आकाशात आहेत तोवर दान चालावे असा त्याचा अर्थ. आजच्या सातबाऱ्याइतकाच तो पक्का पुरावा. असे दगड कोठे पायरीला लावलेले, कोठे धुणे धुण्यास घेतलेले आढळतात. जीर्णोद्धारातही नव्या फरशीच्या हौसेने ते भरावात जातात किंवा ऑइल पेंटखाली अक्षरे बुजतात, ही खेदाची गोष्ट आहे. देणगीदारांच्या संगमरवरी पाटीशेजारी या जुन्या दगडालाही हातभर जागा सहज होते.

इ.स. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि पुढे काही वर्षांत यादवांचे राज्य लयास गेले. निजामी राजवटीत आंबे गावाचे नावही बदलून मोमिनाबाद झाले. लक्ष्मीने कोरविलेली अक्षरे मात्र दगडावर तशीच होती. विसाव्या शतकात इतिहास संशोधक ग. ह. खरे यांनी अंबाजोगाईचे लेख वाचून प्रसिद्ध केले, तेव्हा सेनापती खोलेश्वर, त्याचा राम आणि त्याची लक्ष्मी ही नावे पुन्हा लोकांसमोर आली.