शाळामास्तर ल्युका यांची एकोणचाळीस आकडी संख्या

१ आणि ती स्वतः यांखेरीज जिला कशानेही पूर्ण भाग जात नाही ती मूळ संख्या. आम्ही गणित हिंदीतून शिकलो. तिथे हिला अभाज्य म्हणतात, आणि खरे सांगायचे तर ते नाव आम्हांला आजही अधिक बोलके वाटते. ३१ मूळ आहे हे क्षणात कळते. पण संख्या ३९ आकडी असेल तर? एकेका संख्येने भागून पाहायला जन्म पुरणार नाही. यावर वाट काढली ती एदुआर ल्युका या फ्रेंच शाळाशिक्षकांनी.

त्यांचा जन्म ४ एप्रिल १८४२ रोजी आमियां गावी झाला. पॅरिसच्या वेधशाळेत त्यांनी नोकरी केली, १८७०-७१ च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते, आणि त्यानंतर अखेरपर्यंत शाळेतल्या मुलांना गणित शिकवत राहिले.

मेर्सेन या धर्मगुरूंनी १६४४ साली एक यादी दिली होती. २ चा कितवा घात घेऊन १ वजा केला की मूळ संख्या मिळते, अशी ती यादी. तीत ६७ आणि १२७ हे घात होते. खरे-खोटे कोणी ठरवू शकले नव्हते.

ल्युकांची युक्ती लहान उदाहरणात पाहा. २ चा ७ वा घात वजा १ म्हणजे १२७. सुरुवात ३ ने करा. वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. ३, ७, ४७, ४८, १६ आणि सहाव्या जागी शून्य! शून्य आले, म्हणून १२७ मूळ. वहीत करून पाहा, पाच मिनिटांचे काम आहे. याच वाटेने १८७६ साली त्यांनी २ चा १२७ वा घात वजा १ ही संख्या मूळ ठरवली:

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

तेव्हा यंत्र नव्हते, सगळे हाताने. ६७ व्या घाताची संख्या मात्र मूळ नाही, असेही त्यांनी दाखवले. पण तिचे अवयव त्यांच्या हाती लागले नाहीत. आम्हांला यातच त्यांची मोठी कमाई दिसते. कशाने भाग जातो हे न सांगता भाग जातो एवढे खात्रीने सांगायचे! ते अवयव १९०३ साली अमेरिकेचे कोल यांनी काढले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

मुलांचा आवडता 'हनोईचा मनोरा' हा चकत्यांचा खेळही ल्युकांचाच, १८८३ चा. सात चकत्या हलवायला कमीत कमी १२७ चाली लागतात. पुन्हा तीच संख्या!

१८९१ मध्ये एका मेजवानीत बशी फुटून तिचा तुकडा त्यांच्या गालाला लागला. जखम चिघळली आणि ३ ऑक्टोबरला, अवघ्या ४९ व्या वर्षी, ते गेले. त्यांच्या संख्येहून मोठी मूळ संख्या थेट १९५१ साली सापडली. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० आकडी मूळ संख्या जाहीर झाली. तिची अखेरची खात्री संगणकांनी केली ती ल्युकांच्याच कसोटीने, जी लेहमर यांनी १९३० साली सोपी करून दिली होती.