हलक्या हाताचा चिटणीस

तीन तासांचा पेपर संपला की बोटं आखडतात ना तुमची? बॉलपेनची शाई घट्ट असते, दाबल्याशिवाय ती उतरत नाही. हाताला दाबायची सवय लागते. मग हौसेनं फाउंटन पेन घेतलं की तेही आपण दाबतो आणि निब फाकते.

हलका हात काय करू शकतो, हे कळायला राजगडाची आठवण काढा. गुंजवण्याहून तुम्ही ट्रेकला चढलाही असाल. रायगडाच्या आधी हीच शिवाजी महाराजांची राजधानी होती आणि त्यांची पत्रं लिहायचे बाळाजी आवजी चिटणीस.

बाळाजींचे वडील जंजिऱ्याच्या सिद्दीकडे चाकरीला होते. परंपरा सांगते, की सिद्दीनं त्यांना मारलं आणि बायकोमुलांना विकायला काढलं. राजापुरात मामानं त्यांना सोडवलं. तिथून बाळाजींनी महाराजांना पत्र धाडलं. अक्षर पाहूनच महाराजांनी या तरुणाला जवळ केलं म्हणतात.

तेव्हा लेखणी होती बोरूची. टोक तिरकं छाटायचं, दौतीत बुडवायचं. दाबलं की टोक बिघडलं, डाग पडला. मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग अक्षरं तिला लटकवत, लेखणी शक्यतो न उचलता पुढं जायचं. बोटांच्या जोरावर हे जमतच नाही, सगळा हात सरकावा लागतो. मोडीचं एक वळण पुढे 'चिटणीसी' म्हणूनच ओळखलं गेलं.

१६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. बाळाजींना प्रधानपद देऊ केलं होतं, पण त्यांनी वंशपरंपरेची चिटणिशीच मागितली, असं सांगतात. १६८१ मध्ये संभाजी महाराजांविरुद्धच्या कटाचा ठपका आला आणि बाळाजींना एका मुलासह मृत्युदंड झाला. दुसरा मुलगा खंडो बल्लाळ मात्र लेखणी टाकून गेला नाही. त्याच संभाजी महाराजांची, पुढे राजाराम आणि शाहू महाराजांची चाकरी त्यानं केली.

आता तुमचं पेन घ्या. थोडं तिरकं, सैल धरा. त्याच्या वजनावरच निब सरकू द्या. पान लिहून झालं की उलटून मागून बोट फिरवा. अक्षरांचा उठाव लागला तर अजून दाबताय. पान सपाट लागेपर्यंत रोज एक पान लिहा.