कर्मवीर दादासाहेब गायकवाड : देवळाच्या दारापासून गायरानापर्यंत

वर्धापनदिन आला की आपण विहाराच्या वर्षभराच्या कामाचा हिशेब मांडतो. तसाच आयुष्याचाही हिशेब माणसाने अधूनमधून मांडावा. आपण चाललो ती वाट बरोबर होती का? चुकली असेल तर वळायची तयारी आहे का? असा विचार करताना आम्हाला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांची आठवण होते.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी झाला. तरुणपणीच ते परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याची सगळी जुळवाजुळव दादासाहेबांच्या खांद्यावर होती. दगड खाल्ले, तुरुंग भोगला, पण माणसं मागे हटली नाहीत. एक नाही, दोन नाही, पाच वर्षं हा लढा चालला. तरी दार काही उघडलं नाही.

मग बाबासाहेबांनी दिशा बदलली. १९३४ मध्ये त्यांनी दादासाहेबांना पत्र लिहून कळवलं, की आपल्या माणसांना देवपूजेला लावण्यासाठी हा लढा नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता. आता ती शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली.

विचार करा, ज्या कामात पाच वर्षं घातली ते थांबवायचं म्हणजे मनाला किती जड जात असेल! आपण तर चार पैसे गुंतवलेला तोट्याचा धंदासुद्धा हट्टाने ओढत बसतो. दादासाहेबांनी हट्ट धरला नाही. १९३७ साली ते मुंबई विधिमंडळात गेले आणि पुढच्या कामाला लागले.

१९५६ साली बाबासाहेब गेले आणि समाज पोरका झाला. दुसऱ्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. पण लगेच दुरुस्त आणि नादुरुस्त असे गट पडले. शिकलेल्या मंडळींपैकी काहींना धोतर नेसणारा हा पुढारी अडाणी वाटला. पण खेड्यातल्या भूमिहीनाला काय हवं, ते या धोतरवाल्याला ठाऊक होतं. नुसती भाषणं ऐकून चूल पेटत नाही. पायाखाली हक्काची जमीन नसेल, तर ज्याच्या शेतात राबायचं त्याच्यापुढे मान वर कशी करणार?

म्हणून १९५९ साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. आपला मराठवाडा आणि खानदेश त्यात पुढे होता. त्यानंतर ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला. तीन लाखांवर लोकांनी अटक करून घेतली. त्यात आयाबहिणीही होत्या. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन द्या, धान्याचे भाव आटोक्यात ठेवा, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र लावा, बौद्धांना सवलती द्या, अशा मागण्या पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपुढे मांडल्या होत्या. त्यातलं तैलचित्र आणि बौद्धांच्या केंद्रातल्या सवलती मिळायला १९९० साल उजाडलं. पेरणारा तोवर गेला होता.

थोरांचं चरित्र सांगताना नुसता गोडवा गाऊ नये. १९६७ साली दादासाहेबांच्या गटाने काँग्रेसशी युती केली. समाजाच्या पदरात काहीतरी पडेल हा हिशेब होता. पण पक्षाची ताकद त्यात विरघळत गेली आणि फाटाफूट वाढली, असं आम्हाला वाटतं. हेतू चांगला असला तरी वाट चुकू शकते, हेही त्यांच्याच आयुष्यातून शिकायचं. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं निधन झालं.

आज आपल्या जालना जिल्ह्यात गायरानाचा तुकडा कसून जगणारी कुटुंबं आहेत. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासनाचा निर्णय झाला, तरी कित्येकांच्या नावावर सातबारा नाही. आपल्यातले कुणी नोकरीला लागले, कुणी शहरात घर बांधलं. चांगलंच झालं. पण गावाकडच्या भावाचा अर्ज लिहून द्यायला, त्याच्याबरोबर तहसीलला एक चक्कर मारायला आपल्याला वेळ आहे का?

भगवान बुद्धांनी सम्यक दृष्टी पहिली सांगितली. वाट नीट दिसली तरच पुढचं पाऊल नीट पडतं. विहारात रविवारी वंदना झाल्यावर एक तास तरी अशा कागदपत्रांसाठी बसू या. हीच कर्मवीर दादासाहेबांना आपली खरी आदरांजली ठरेल.

नमो बुद्धाय! जय भीम!