पेणचे दामलेमामा आणि एक स्वस्त माइक

पेण म्हटलं की सगळ्यांना आठवतात गणपती. आम्ही पेणच्या पुढच्या कासू स्टेशनवर उतरणारी माणसं, त्यामुळे हॉस्टेलमध्ये ओळख करून देताना 'पेणच्या पुढे' असंच सांगावं लागतं आणि समोरचा लगेच मूर्तींचे भाव विचारतो! पण मित्रांनो, याच पेणमध्ये १८९२ साली एक असा माणूस जन्मला ज्याच्या नावाने खरं तर आपल्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये एक फोटो लागायला हवा. विष्णुपंत गोविंद दामले. 'संत तुकाराम' या चित्रपटाचे दोन दिग्दर्शक होते, त्यातले एक. तुकाराम सगळ्यांना माहीत, 'प्रभात'ही माहीत, शांताराम तर माहीतच. पण 'प्रभात'चा आवाज कोणी पकडला, हे विचारलं तर भल्याभल्यांची दांडी उडते.

दामल्यांकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. तरुणपणी ते कोल्हापूरला आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोन भावांच्या हाताखाली शिकले. हे पेंटर बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. म्हणजे आपल्या कथेच्या नायकाची पहिली ब्रँच कुठली, तर पेंटिंग! पण दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं होतं, आणि त्यांनी स्वतःच मूव्ही कॅमेरा बनवायचं ठरवलं. १९१६ साली आनंदराव वारले. काम अर्धवट. बाबूरावांनी ते सोडलं नाही आणि दामले त्यांच्या बरोबर राहिले. १९१८ साली कॅमेरा चालू झाला.

इथे जरा थांबूया, कारण हे वाक्य वाचायला सोपं आहे. मूव्ही कॅमेऱ्यात फिल्म सरळ वाहत नाही. ती एक चौकट पुढे सरकते, थांबते, शटर उघडतं, बंद होतं, पुन्हा सरकते, आणि हे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. दाते जरा चुकले की फिल्म फाटते, जरा सैल राहिले की चित्र थरथरतं. आपल्याला वर्कशॉपमध्ये एक गिअर नीट कापायला अख्खं सेमिस्टर लागतं. त्यांच्यापाशी आजच्यासारखी डेटाशीट नव्हती आणि सिनिअरची जर्नलही नव्हती. त्या कॅमेऱ्याच्या जोरावर बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली 'सैरंध्री' आला.

याच कंपनीत दामल्यांची जोडी जमली ती शेख फत्तेलाल यांच्याशी. फत्तेलाल कागलचे, दामल्यांपेक्षा सहा वर्षांनी मोठे, रंगाचे आणि नेपथ्याचे बादशहा. स्टुडिओत एक झाले दामलेमामा, दुसरे साहेबमामा. १९२८ साली दोघांनी मिळून 'महारथी कर्ण' हा मूकपट केला. पुढच्याच वर्षी, १ जून १९२९ रोजी, कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. भागीदार पाच : व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि पैसे घालणारे सीतारामपंत कुलकर्णी. तुतारी फुंकणारी स्त्री हे 'प्रभात'चं बोधचिन्ह. मूकपटात ती तुतारी फक्त दिसायची. गंमत म्हणजे ती ऐकू यावी यासाठी पुढे सगळ्यात जास्त घाम या पेणच्या माणसाने गाळला.

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला आणि मूकपटांची सद्दी संपली. 'प्रभात'ला कंपनी काढून दोन वर्षंसुद्धा पूर्ण झाली नव्हती. आता बोलपट काढा किंवा गाशा गुंडाळा, एवढाच प्रश्न होता. पाचपैकी कोणालाच ध्वनीतलं काही येत नव्हतं. ती जबाबदारी दामल्यांनी उचलली. वय एकोणचाळीस. आपल्याकडे चाळिशीला माणसं नवीन मोबाइल हातात घ्यायला कचरतात, इथे अख्खी कंपनी एका नवीन यंत्रावर लागलेली होती, आणि ते यंत्र कोल्हापुरात कोणी उघडून पाहिलेलं नव्हतं.

तेव्हाचं ध्वनिमुद्रण म्हणजे काय, तेही बघू. आवाज टेपवर नाही, तर फिल्मवर प्रकाशाच्या रूपात उमटायचा. माइकमधून आलेला करंट मोठा करून त्याने प्रकाश कमीजास्त करायचा, आणि तो फिल्मच्या कडेला पडू द्यायचा. म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन बिघडलं की गाणं बिघडलं. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवला तरी चालायचा, बोलपटाला सेकंदाला २४ चौकटी आणि त्याही एकाच वेगाने हव्यात, नाहीतर गायकाचा सूर हेलकावे खातो. भरीला कॅमेऱ्याची घरघर, दिव्यांचा गुणगुणाट, आणि बाहेरचे कावळे. 'आलम आरा'च्या स्टुडिओशेजारून रेल्वेलाइन जात होती म्हणून त्यांना रात्री गाड्या थांबल्यावर शूटिंग करावं लागलं होतं. नट सगळे नाटकातले, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायची सवय झालेले. आणि प्लेबॅक अजून यायचा होता. नटाने अभिनय करता करताच गायचं, पेटी-तबलेवाल्यांनी कुठेतरी आडोशाला बसून साथ करायची, आणि हे सगळं एका दमात, एकाच वेळी पकडायचं. नंतर मिक्सिंगमध्ये बघू, ही सोय नाही.

या सगळ्याच्या तोंडाशी असतो माइक. त्या काळात जगभरच्या स्टुडिओंत कंडेन्सर माइक रुळला होता. अमेरिकेत वेन्टे नावाच्या इंजिनिअरने तो १९१६-१७ च्या सुमारास तयार केला. तत्त्व बारावीचं आहे. दोन प्लेट, मध्ये हवा, एक प्लेट म्हणजे पातळ पडदा. आवाजाने पडदा हलतो, कपॅसिटन्स बदलतो, व्होल्टेज बदलतं. पण हा सिग्नल इतका नाजूक की दोन-चार फूट वायरसुद्धा त्याला सहन होत नाही, म्हणून व्हॉल्व्हचा अँप्लिफायर माइकच्या अगदी पोटात किंवा पाठीला बसवावा लागायचा. आजही तेच. व्हॉल्व्हच्या जागी एफईटी आला, बाकी कहाणी तीच.

हे मला पुस्तकातून कळलं होतं, पण पटलं कासूला. आमच्या गावच्या भजनी मंडळातले बुवा आता ऐंशीच्या पुढे आहेत. कार्तिकातला काकडा ते ज्या चालींवर म्हणतात त्या आता फक्त त्यांनाच येतात, आणि त्या कुठेही रेकॉर्ड केलेल्या नाहीत. म्हणून आम्ही तिघांनी वर्गणी काढून एक स्वस्तातला कंडेन्सर माइक आणला (कंपनीचं नाव जाऊ दे). पहाटेची वेळ बरी, हायवे आणि गाडी दोन्ही जरा शांत असतात. घरी येऊन ऐकलं तर बुवांच्या मागे सतत सूं सूं, मध्येच चुरचुर, आणि टाळ म्हणजे काच फुटल्यासारखे! पखवाजाची कणीक लावलेली बाजू तर गायबच.

मग माइक उघडला. आत बोटभर बोर्ड. पहिली गोष्ट टाळांची. या स्वस्त माइकांतली कॅप्सूल बहुतेक वेळा नॉयमन कंपनीच्या जुन्या कॅप्सूलची नक्कल असते. ती वरच्या पट्टीचे आवाज मुळातच चढवून देते. नॉयमनच्या यू ८७ माइकमध्ये सर्किट तो चढ खाली आणतं. नक्कल करणाऱ्यांनी कॅप्सूल उचलली, पण सर्किट घेतलं दुसरंच, सरळसोट, जे काहीच खाली आणत नाही. म्हणजे चष्मा एकाचा आणि डोळे दुसऱ्याचे. एक छोटा कपॅसिटर योग्य जागी लावला की टाळ पुन्हा टाळासारखे वाजतात. दुसरी गोष्ट, सिग्नलच्या वाटेतले सिरॅमिक कपॅसिटर. त्यांच्यावर व्होल्टेज बदललं की त्यांची किंमतही बदलते, आणि धक्का बसला की ते स्वतःच थोडा आवाज देतात. त्यांच्या जागी फिल्मचे बसवले. एफईटी कमी नॉइजचा घातला. सगळं सामान लॅमिंग्टन रोडला मिळालं, आणि दुकानदाराने एवढ्याशा खरेदीवर जे तोंड केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण सगळ्यात मोठा फरक पडला तो एकही पार्ट न बदलता. कॅप्सूल साधारण ६० पिकोफॅरड. तिच्या पाठीशी १ गिगाओहमचा रेझिस्टर. गणित केलं तर कटऑफ येतो सुमारे २.६५ हर्ट्झ, म्हणजे ऐकू येणारं सगळं आत. आता बोर्डवर सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स राहिला आहे, त्यावर कुणाच्या बोटाचं तेल, आणि वर आपली कोकणातली दमट हवा. या थरातून करंट झिरपतो. रेझिस्टन्स घसरून समजा १० मेगाओहमवर आला, तर कटऑफ थेट २६५ हर्ट्झ! पुरुषाच्या आवाजाचा पाया आणि पखवाजाचा घुमारा याच्या खालीच असतो. चुरचुरही तिथूनच येते. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश आणि अर्धा तास, बस. (करायचं असेल तर आधी सप्लाय काढून जरा वेळ जाऊ द्या, आणि कॅप्सूलच्या पडद्याला हात लावू नका. तो केसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ असतो.)

पार्ट बदलायची घाई सगळ्यांनाच असते. महागडा कपॅसिटर लावला की आवाज आपोआप सुधारतो असं मानणारे आपल्या विंगमध्येही दोघे आहेत. पण कुठला पार्ट कशासाठी आहे हे न कळता बदललेला पार्ट म्हणजे लॉटरी. दामल्यांचं मोठेपण मला इथे दिसतं. यंत्र विकत आणता येतं. ते आपल्या हवेत, आपल्या गळ्यांसाठी आणि आपल्या वाद्यांसाठी चालवायचं कसं, हे विकत मिळत नाही.

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला. मराठी आणि हिंदी, दोन्ही आवृत्त्या. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती, ध्वनी दामल्यांचा. मराठी बोलपटाची सुरुवात इथून धरतात. कंपनी वाचली. नुसती वाचली नाही, तर १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली आणि तिथल्या मोठ्या स्टुडिओत १९३४ साली 'अमृतमंथन' झाला.

१९३६ चा 'संत तुकाराम' दामले-फत्तेलाल जोडीचा. पेणचा ब्राह्मण आणि कागलचा मुसलमान मिळून देहूच्या वाण्यावर सिनेमा काढतात, याचं तेव्हा कुणाला नवल वाटलं की नाही देव जाणे, आज मात्र वाटतं. तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जे पूर्वी नाटकात स्त्रीभूमिका करायचे. तुकारामाच्या बायकोच्या भूमिकेत गौरी, रंगभूमीचं वळण नसलेली. संगीत केशवराव भोळ्यांचं. शांताराम आठवल्यांनी यासाठी लिहिलेलं एक गाणं इतकं अस्सल निघालं की जाणत्यांनाही तो तुकोबांचाच अभंग वाटला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात चित्रपट ५७ आठवडे चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

मी तो हेडफोन लावून पाहिला, आणि खरं सांगायचं तर गोष्टीकडे माझं लक्षच नव्हतं. पागनीसांचा आवाज गाताना आणि बोलताना एकाच अंतरावरून येतो. गौरीचा आवाज मोठा, खरखरीत, घरात भांडणाऱ्या बाईचा, आणि तो कुणी गुळगुळीत केलेला नाही. टाळ आणि चिपळ्या टोचत नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला हे कोणी दाखवलं नव्हतं, आणि दाखवलं असतं तरी तेव्हा मी झोपलो असतो.

त्यानंतर या जोडीचे 'गोपालकृष्ण' (१९३८) आणि 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) आले, आणि १९४१ साली राजा नेने यांच्यासोबत 'संत सखू'. १९४२ मध्ये शांताराम 'प्रभात' सोडून गेले. १९४५ साली दामलेमामा वारले. वय पुरतं त्रेपन्नही नाही. साहेबमामा पुढे १९६४ पर्यंत होते. कंपनी १९५३ मध्ये बंद पडली, आणि १९६० साली त्याच जागेत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली. जिथे दामल्यांनी 'संत तुकाराम' केला, तिथे आज मुलं एन्ट्रन्स देऊन साउंड रेकॉर्डिंग शिकायला येतात. २०११ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत दामल्यांवरच्या एका चरित्रपटाला पुरस्कार मिळाला. त्याचं नाव 'बोलपटांचा मूक नायक'. बरोबर नाव ठेवलंय.

कासूला येत्या कार्तिकात आम्ही पुन्हा माइक लावणार आहोत. बुवांनी अट घातली आहे की माइक समोर नको, बाजूच्या खांबाला बांधा, त्यांना तो बघून गाता येत नाही. आता खांबापासून बुवा किती फुटांवर, आणि मधे टाळकरी किती, याचा हिशोब चालू आहे. ज्याला काही सुचत असेल त्याने रूमवर यावं, चहा आमच्याकडून.