एक्स्प्लेनर : पंचगंगेच्या घाटावरचा मंत्र आणि शाहू महाराज, काय होतं वेदोक्त प्रकरण?

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. हा दिवस राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा होतो. महाराजांचं आरक्षण, मोफत शिक्षण, राधानगरी धरण हे सगळ्यांना माहीत आहे. पण देवाधर्माच्या एका वादानेही त्यांच्या आयुष्याला वळण दिलं. वाद होता, राजासाठी कोणते मंत्र म्हणायचे याचा!

बावड्यातून गादीवर

महाराजांचं मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे कागलच्या घाटगे घराण्यातले, आई राधाबाई. १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते शाहू छत्रपती झाले. राजकोट आणि धारवाडला शिक्षण झालं. २ एप्रिल १८९४ रोजी, विशीतच, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

घाटावर काय घडलं?

साल १८९९. महाराज कार्तिक स्नानासाठी पंचगंगेवर जात. सोबतचे भटजी वेदोक्त नव्हे, तर पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचं राजारामशास्त्री भागवत यांनी लक्षात आणून दिलं. महाराज शूद्र असल्याने त्यांना वेदोक्ताचा अधिकार नाही, असं भटजींचं म्हणणं होतं.

फरक काय?

दोन्ही मंत्र संस्कृतच. वेदोक्त मंत्र वेदांतले, तर पुराणोक्त पुराणांतले. ब्राह्मण, क्षत्रिय आणि वैश्यांना वेदोक्त, शूद्रांना पुराणोक्त अशी समजूत होती. त्यामुळे कानावर कोणता मंत्र पडतो, यावरून माणसाची पायरी ठरायची. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकावेळीही हाच प्रश्न उभा राहिला होता.

वाद चिघळला

राजवाड्यातले विधी वेदोक्त पद्धतीने करा, असा आदेश महाराजांनी दिला. राजोपाध्यांनी नकार दिला. १९०२ मध्ये त्यांची वतनं जप्त झाली. लोकमान्य टिळकांनी केसरीतून वेदोक्ताच्या मागणीला विरोध केला. राजोपाध्यांनी थेट व्हाइसरॉयपर्यंत दाद मागितली, पण उपयोग झाला नाही. अखेर १९०५ मध्ये करवीर पीठाच्या शंकराचार्यांनी महाराजांचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला.

राजाचा प्रश्न सुटला, रयतेचं काय?

सुरुवातीला हा वाद छत्रपतींच्या क्षत्रियत्वाचा होता. पण राजाला जिथे हे ऐकावं लागतं, तिथे गावकुसाबाहेरच्या माणसाचं काय होत असेल, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला. वाद पेटलेला असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा निर्णय घेतला.

धर्माच्या आघाडीवरही ते थांबले नाहीत. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज सुरू झाला. ब्राह्मण पुरोहिताविना लग्न आणि इतर विधी करण्याची महात्मा फुले यांची वाट त्यामुळे करवीरात रुजली. १९२० मध्ये मराठा पुरोहित तयार करण्यासाठी श्री शिवाजी वैदिक विद्यालय निघालं. त्याच वर्षी पाटगावच्या मौनी महाराज मठाच्या गादीवर सदाशिवराव पाटील-बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून नेमण्यात आलं.

देवाला सोडलेल्या मुली

लोकश्रद्धेच्या नावाखाली होणाऱ्या अन्यायाकडेही त्यांचं लक्ष होतं. नवस फेडायचा म्हणून मुली यल्लम्माला किंवा खंडोबाला सोडल्या जात. पुढे त्या जोगतिणी, मुरळ्या म्हणून जगत. महाराजांनी १९२० मध्ये या प्रथेविरोधात कायदा केला.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय अवघं ४७. स्वतःसाठी मिळवलेला मंत्राचा अधिकार त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. म्हणूनच घाटावरची ती सकाळ सव्वाशे वर्षांनंतरही कोल्हापूरकर विसरलेले नाहीत.