दाराबाहेर कोण आहे? : मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन

सीसीटीव्ही म्हटलं की काय आठवतं? बँक, एटीएम, रेल्वे स्टेशन, आणि आपल्या बाबतीत हॉस्टेलचं मेन गेट. या सगळ्या ठिकाणी कुठलं तरी ऑफिस आपल्याकडे बघत असतं. पण एका साध्या घरातल्या बाईने आपल्या दाराबाहेर कोण उभं आहे ते बघायचं, या विचारातून एक पेटंट तयार झालं होतं. त्यामागे होती एक नर्स. थर्ड इयरला येईपर्यंत मी तिचं नावही ऐकलं नव्हतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं नसेल, म्हणून हा लेख. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे पेटंट, मॉनिटर, सर्व्हर हे शब्द तसेच ठेवलेत. सांभाळून घ्या!)

मेरी यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९२२ चा, न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातल्या जमैका वस्तीतला. हे जमैका म्हणजे क्रिकेटवाल्या वेस्ट इंडीजमधलं नव्हे, न्यूयॉर्कमधल्या एका मोहल्ल्याचं नाव आहे. घर आफ्रिकन-अमेरिकन. मोठेपणी मेरी नर्स झाल्या. त्यांचे पती अल्बर्ट ब्राऊन इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन होते. दोघांच्याही कामाच्या वेळा विचित्र. त्यामुळे मेरी अनेकदा रात्री घरात एकट्या असायच्या.

१९६० च्या दशकात त्या भागात गुन्हे वाढले होते आणि पोलीस यायला वेळ लागायचा. आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये ९११ हा इमर्जन्सी नंबरच नव्हता, तो तिथे १९६८ मध्ये सुरू झाला. म्हणजे रात्री दोन वाजता बेल वाजली तर करायचं काय? दारापाशी जाऊन पीपहोलला डोळा लावायचा. पण भीती ज्याची आहे तो दाराच्या पलीकडेच उभा! बघायचं असेल तर जवळ जायला हवं, आणि जवळ जाण्यातच धोका.

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर हे झालं प्रॉब्लेम स्टेटमेंट. मेरी यांना ते कुणी असाइनमेंट म्हणून दिलं नव्हतं. त्या स्वतः त्यात राहत होत्या. कॅमेऱ्याने लांबून बघायचं तंत्र तेव्हा नवीन नव्हतं. १९४२ मध्ये जर्मनीत रॉकेट उडताना सुरक्षित अंतरावरून बघण्यासाठी ते वापरलं गेलं होतं. पण ते लष्कराचं काम. मेरी आणि अल्बर्ट यांनी तेच तंत्र घराच्या दाराला लावलं.

त्यांची डिझाइन बघण्यासारखी आहे. दारात एकाखाली एक अशी चार पीपहोल्स. सगळ्यात वरचं उंच माणसासाठी, सगळ्यात खालचं लहान मुलासाठी. आतल्या बाजूला एका पेटीत कॅमेरा. मोटरने ही पेटी वरखाली सरकते आणि हव्या त्या भोकासमोर थांबते. चित्र रेडिओने बेडरूममधल्या टीव्हीवर जातं. बाहेरच्याशी बोलायला माइक आणि स्पीकर. ओळखीचा माणूस असेल तर पलंगावरूनच बटण दाबून दार उघडायचं. संशय आला तर दुसरं बटण, त्याने अलार्म वाजतो. आज आपण व्हिडिओ डोअरफोन म्हणतो त्यात याहून वेगळं काय असतं?

१ ऑगस्ट १९६६ ला दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ ला ते मिळालं, नंबर ३४८२०३७. त्यावर पहिलं नाव मेरी यांचं आहे. त्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सने त्याची दखल घेतली. अर्ज केला तेव्हा त्या ४३ वर्षांच्या होत्या. घर, ड्यूटी सगळं सांभाळून! आपण सबमिशनच्या आदल्या रात्री रडतो.

पण हा संच तेव्हा घरोघरी गेला नाही. त्या काळचे कॅमेरे काचेच्या ट्यूबवर चालणारे, मोठे आणि महाग. साध्या कुटुंबाला ते परवडणार कसे? गंमत अशी, की ज्या वर्षी हे पेटंट मिळालं त्याच १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये बेल लॅब्समध्ये सीसीडी चिपची कल्पना जन्माला आली. पुढे अशा चिप्समुळेच कॅमेरा छोटा आणि स्वस्त झाला. पण तोवर खूप वर्षं गेली. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे पेटंट १७ वर्षं टिकायचं, म्हणजे १९८६ मध्ये ते संपलं. २ फेब्रुवारी १९९९ ला क्वीन्समध्येच मेरी वारल्या, वयाच्या ७६ व्या वर्षी. त्यांच्या पेटंटचा संदर्भ मात्र नंतरच्या अनेक पेटंट्समध्ये येत राहिला.

आता मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं ते सांगते. मेरी यांच्या डिझाइनमध्ये कॅमेरा घरवालीचा, टीव्ही घरवालीचा आणि बटणंही घरवालीच्या हातात. घराबाहेर कुणाला काही जाणार असेल तर ते तिने दाबलेल्या बटणामुळेच. आज बाजारात मिळणारे कितीतरी कॅमेरे तुमच्या दारातलं चित्र आधी कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात आणि मग तुमच्या मोबाइलवर दाखवतात. कॅमेरा तुमचा, पण रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या घरी.

म्हणून सुट्टीत मी आमच्या घरी वेगळा प्रयोग केला. आई-बाबा दिवसभर नोकरीला, आजी एकटी घरात. जुना डेस्कटॉप पडून होता. त्यावर लिनक्स टाकलं आणि झोनमाइंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बसवलं. हे सॉफ्टवेअरही २००२ च्या सुमाराला एका माणसाच्या गॅरेजमधली हत्यारं चोरीला गेली म्हणून सुरू झालं. म्हणजे इथेही गरज घरचीच! चित्रातला कुठला भाग तपासायचा ते आपण आखून द्यायचं. तिथे हालचाल झाली की रेकॉर्डिंग सुरू. मी फक्त आमच्या उंबऱ्यापुढचा भाग आखला. समोरच्या काकूंचं दार मुद्दाम वगळलं.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी दोन सूचना. एक, डिस्क किती भरली की जुनं रेकॉर्डिंग पुसायचं हे पहिल्याच दिवशी ठरवा. दोन, नवीन व्हर्जन टाकण्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या, प्रोग्रॅम बंद करा, आणि अपडेट झाल्यावर डेटाबेसही नव्या व्हर्जनला जुळवून घ्या, मगच प्रोग्रॅम सुरू करा. आणि अपडेट टाळू नका. जुनं सॉफ्टवेअर म्हणजे कडी न लावलेलं दार.

मॉनिटर आजीच्या पलंगासमोर ठेवलाय. कोण आलंय ते ती बघते, उठायचं की नाही तीच ठरवते. हवं तेव्हा बंदही करते. माझ्या मते मेरी ब्राऊन यांना नेमकं हेच हवं होतं.

सध्या आपल्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये कॅमेरे बसवायची चर्चा चालू आहे. मी विरोधात नाही. चोऱ्या होतात, मोबाइल जातात, हे खरंय. पण मीटिंगमध्ये सगळ्यांनी तीन प्रश्न नक्की विचारावेत असं वाटतं. कॅमेऱ्याचं तोंड जिन्याकडे असेल की आमच्या खोल्यांच्या दारांकडे? स्क्रीन कोण बघणार? आणि रेकॉर्डिंग किती दिवसांनी पुसणार? रेक्टर मॅडम आणि सर हा लेख वाचतीलच. त्यांनाही हे प्रश्न पटतील अशी खात्री आहे, कारण त्यांचंही घर याच कॅम्पसमध्ये आहे.